टिकटिकचा जादा रकाना

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला नावं ठेवायला नकोत. हा माणूस मला कधीच आवडला नाही. आता तो निवृत्त होतोय, खात्याच्या पत्रिकेत त्याच्यावर कोणीतरी लिहायला हवं, आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. म्हणे, "तुम्हीच त्याला सगळ्यात जवळून ओळखता." ओळखतो ना. ज्याच्यावर जळायचं, त्याच्याइतकं बारकाईने माणूस कोणाकडेच बघत नाही.

त्याला सगळे टिकटिक म्हणतात. आमच्या रस्ते विभागात तो मोजणीदार. चौकात किंवा पुलाच्या तोंडाशी घडीचं स्टूल टाकून बसायचं आणि येणारी-जाणारी वाहनं मोजायची, हे त्याचं काम. दोन्ही मुठींत एकेक लोखंडी मोजणीयंत्र. अंगठ्याने दाबलं की टिक वाजून आकडा एकाने पुढे सरकतो. डावा हात जाणाऱ्यांचा, उजवा येणाऱ्यांचा. पंधरा मिनिटं झाली की आकडे तक्त्यात उतरवायचे, यंत्रं शून्यावर आणायची आणि पुन्हा सुरू. त्याच्या दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडलेत, आणि लहान मुलं पडलेला दात दाखवतात तसा तो ते कौतुकाने दाखवतो.

आमच्याकडे येण्याआधी तो बाटल्यांच्या कारखान्यात होता. समोरून सरकत जाणाऱ्या बाटल्या मोजायच्या आणि तडा गेलेली दिसली की उचलून बाजूला काढायची. तिथे त्या कामाला यंत्र आलं आणि हा रस्त्यावर आला, म्हणजे अगदी शब्दशः आमच्या रस्त्यावर. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण राहतात. बहिणीला कमी ऐकू येतं. घरापर्यंत जिन्याच्या एकसष्ट पायऱ्या आहेत. हे मला माहीत आहे, कारण त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. तो सगळंच मोजतो. एकदा माझ्या टेबलाशी दहा मिनिटं उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "साहेब, तब्येत बरी आहे ना? चार वेळा सुस्कारा टाकलात." अशा माणसाला काय करायचं?

लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतो, "मोजता मोजता राहून गेलं." ही बाब मला तेव्हा महत्त्वाची वाटली नव्हती.

आणि आणखी एक गंमत. शहरभरच्या सायकली मोजणाऱ्या या माणसाला सायकल चालवता येत नाही. कधी शिकलाच नाही. सगळीकडे पायीच जातो, काखेत स्टूल आणि हातात काळी, भली मोठी, लाकडी मुठीची छत्री घेऊन.

आता थोडं माझ्याविषयी. मी त्याच विभागात मुख्य आरेखक, म्हणजे सगळे म्हणतात तसा ड्राफ्ट्समन. एकोणतीस वर्षं या शहराचे रस्ते कागदावर काढले. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा आहे आणि त्यावर हिरव्या शाईने सायकल ट्रॅक काढलेले आहेत. चौदा तुकडे. एक बागेच्या कडेने, एक कालव्याच्या बाजूने, एक स्टेडियमपुढे, एक नव्या वसाहतीत. जिथे जागा होती, जिथे कोणाची तक्रार येणार नव्हती आणि जिथे फीत कापायला बरं दिसत होतं, तिथे ते झाले. एकाचाही दुसऱ्याला स्पर्श नाही. पण रंग इतका सुरेख आला होता, की पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना आधी माझ्या भिंतीपाशीच आणत. मी मान खाली घालून पेन्सिलला टोक काढत बसायचो आणि कान टवकारून ऐकायचो.

मग वरून आदेश आला: तुकडे जोडा. सलग जाळं करा, म्हणजे घरातून निघालेला माणूस सायकलवरून न उतरता शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला पाहिजे. बरेचसे तुकडे जोडणं सोपं होतं. इथे एक गल्ली एकेरी करायची, तिथे पार्किंगची एक रांग हलवायची. खरा अडसर होता नदीवरचा जुना पूल. चारशे मीटरचा. शहराचे दोन भाग तिथेच जोडले जातात. अलीकडे माझे सात तुकडे, पलीकडे सात. पुलावर ट्रॅक करायचा तर मोटारींची एक रांग काढून घ्यावी लागणार होती, आणि मोटारीवाल्यांची रांग काढून घ्यायची म्हणजे हातात भक्कम आकडे हवेत. म्हणून पुलावर दोन आठवड्यांची मोजणी लावली, आणि मोजायला टिकटिकला बसवलं.

पहिल्या आठवड्याचे तक्ते आले. सकाळच्या तीन तासांत पुलावरून गेलेल्या सायकली: पाच. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच. मी मोठ्या साहेबांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "पुलावर सायकलीच नाहीत, मग ट्रॅक कोणासाठी करायचा?" मला वाईट वाटलं, पण आकडा तो आकडा.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझी बायको सायकलने कामाला जाते. नदीपलीकडे गणवेश शिवणारा कारखाना आहे, तिथे ती कटिंग मास्तर आहे. चार वर्षांपूर्वी तिची बस बंद झाली, तेव्हापासून सायकल. ऑफिसात मी मिरवायचोसुद्धा, "आमची बायको आमच्याच ट्रॅकवरून कामाला जाते!" म्हणजे ती रोज पूल ओलांडते हे मला माहीत होतं, आणि पुलावर सायकली नाहीत हेही मला माहीत होतं. ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहिली आणि त्यांची एकमेकांशी कधी ओळखच झाली नाही.

तर ते तक्ते. त्यांत एक भानगड होती. माझ्या छापील तक्त्याच्या उजव्या कडेला, समासात, टिकटिकने पट्टीने एक जादा रेघ मारून स्वतःचा वेगळा रकाना केला होता. त्यात काड्याच काड्या. चार उभ्या आणि एक आडवी, असे गठ्ठे. आणि कडेला मुंगीएवढ्या अक्षरात 'नि.टो.', 'ला.घं.', 'म्हा.च.' असलं काहीबाही खरडलेलं. माझा तक्ता! बावीस वर्षांपूर्वी मी बसवलेला, आजवर एका रेघेचाही बदल न झालेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलावून घेतलं त्याला.

"हे काय आहे?"

"रकाना आहे साहेब."

"ते दिसतंय मला. फॉर्मवर रेघ मारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"कोणी नाही. पण ही माणसं कुठे लिहू तेच कळेना." त्याने स्टूल भिंतीला टेकवलं. "पुलापाशी ट्रॅक संपतो ना साहेब, तिथे सगळे उतरतात. मोटारी इतक्या अंगावर येतात की चालवायची सोयच नाही. मग हातात सायकल धरून चालत पूल ओलांडतात आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसतात."

"मग ते पादचारी झाले. टीप क्रमांक चार वाचा."

तक्त्याच्या तळाशी पाच टिपा आहेत. चौथी अशी: हातात सायकल धरून चालणाऱ्यास पादचारी समजावे. ती मीच लिहिली होती. तेव्हा मोठी सुबक वाटली होती.

"वाचली साहेब. पाठ आहे." तो जरा घुटमळला. "पण पायी निघालेला माणूस सायकल कशाला ओढत नेईल? सकाळच्या तीन तासांत दोनशे सत्त्याऐंशी आहेत असे. पाच जण चालवत जातात ते नुसते धाडसी. आणि ही तर आलेली माणसं झाली. पुलाच्या भीतीने ज्यांनी सायकल घरातच ठेवली, ती मी कुठे बसून मोजू?"

मी म्हणालो, "तुमचं काम मोजायचं आहे, विचार करायचं नाही."

एवढ्यावर संपलं असतं, पण नेमके मोठे साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी तक्ता उचलला, चष्मा कपाळावर सरकवून तो रकाना पाहिला आणि म्हणाले, "अरे वा! हे कोणी शोधलं? या, आत या." आणि टिकटिकला केबिनमध्ये नेऊन खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. काचेतून मला सगळं दिसत होतं. हा आपला पाय जोडून, स्टूल मांडीवर घेऊन बसलेला, बशीत एक थेंबही न सांडता चहा पीत होता आणि साहेब टेबलावर कोपरं टेकून ऐकत होते. एकोणतीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी नेहमी उभ्याने बोललो. तिथल्या खुर्चीची गादी मऊ आहे की कडक, हे मला आजही ठाऊक नाही. माझ्या चौदा तुकड्यांचं कौतुक बाजूलाच राहिलं, आणि एका उपऱ्याने समासात रेघ काय मारली, तो शोध ठरला!

बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, "ही जादा माहिती समितीपुढे ठेवू. तुम्ही तक्त्यांची स्वच्छ प्रत करा. जरा नियमात बसवून घ्या." आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

नियमात बसवून घ्या. बसवलं. टीप क्रमांक चारप्रमाणे ते दोनशे सत्त्याऐंशी मी पादचाऱ्यांच्या आकड्यात मिळवले आणि जादा रकाना प्रतीतून उडवला. सगळ्या बेरजा पुन्हा तपासल्या. अचूक होत्या. साहेबांनी विचारलंच तर 'नियमात बसवून घ्या' हे त्यांचेच शब्द होते. समितीची बैठक गुरुवारी अकराला होती. बससेवेचे प्रमुख, वाहतुकीचे अधिकारी आणि आमचे साहेब. ते माझी प्रत उघडणार, पुलापुढे 'सायकली: ५' वाचणार आणि पूल वगळणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पूल गेला की सलग जाळंही गेलं, माझे चौदा तुकडे तुकडेच राहिले. तरी मी प्रत बदलली नाही. माझंच घर जळत होतं आणि मी शेजाऱ्याच्या भिंतीला धग लागली का ते बघत होतो. मत्सर म्हणतात तो हाच.

बुधवारी संध्याकाळी बायको कापडाला लावायच्या खुणेचे खडू डब्यात भरत बसली होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तुमच्या खात्यातले ते भाऊ फार चांगले आहेत हो."

"कोण भाऊ?"

"पुलावरचे. टिकटिक टिकटिक करतात ते. आज म्हणाले, वहिनी, या आठवड्यात तुम्ही रोज दोन मिनिटं उशिरा येताय."

वर्तमानपत्र माझ्या हातातच राहिलं. "त्याची मोजणी तर शुक्रवारीच संपली. आता कशाला येतो तिथे?"

"येतात. रोज येतात. ते आणि त्यांची छत्री." आणि ती हसली. "त्यांच्या छत्रीचा फार आधार वाटतो बाई."

छत्री? महिनाभर आभाळात ढग नव्हता. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर पडलं असतं. माझी बायको किती वाजता पुलावर येते, हे मला माहीत नाही, आणि एका परक्या माणसाला ती दोन मिनिटं उशिरा येते हेसुद्धा माहीत! आणि भाऊ काय, वहिनी काय! सत्तावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, पाय जोडून चहा पिणारा. केबिनची खुर्ची घेतलीस, माझा तक्ता घेतलास, आता माझ्या घरापर्यंत आलास? जेवताना बायको दोनदा म्हणाली, "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं?" माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. उद्या पुलावर जाऊन प्रत्यक्ष पाहायचं.

गुरुवारी बायको निघायच्या आधीच, बैठकीचं कारण सांगून मी बाहेर पडलो. बॅगेत एका बाजूला स्वच्छ प्रत आणि दुसऱ्या बाजूला टिकटिकचे मूळ तक्ते. साडेआठला पुलापाशी पोहोचलो आणि बसथांब्याच्या जाहिरातीच्या फलकामागे उभा राहिलो. छप्पन्न वर्षांच्या माणसाने फलकाआडून डोकावणं शोभत नाही, हे मला कळत होतं. एका बाईने विचारलंसुद्धा, "काही हरवलंय का?"

माझा ट्रॅक तिथे संपतो. हिरवा रंग सरळ येतो, मग एक उंचवटा आणि खांबावर पाटी: सायकल मार्ग समाप्त. अक्षरं माझीच. पुलावर एक अरुंद फुटपाथ आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढा. त्याच्या खाली लागून बसगाड्या.

आणि पाटीपाशी टिकटिक उभा होता. मिटलेली छत्री हातात.

माणसं येत होती आणि उतरत होती. एक, दोन, पाच, सात. शाळेतली शिक्षिका असावी अशी एक. डब्यांचा गठ्ठा मागे बांधलेला एक म्हातारा. इस्त्रीचे कपडे हँडलला लटकवलेला एक तरुण. सगळे पाटीपाशी थांबले, रांग लावली. मग माझी बायको आली. निळी सायकल, पुढे टोपली. उतरली. टिकटिक काहीतरी बोलला आणि ती मान मागे टाकून हसली. घरी ती अशी कधी हसली होती, ते मला आठवेना. मग त्याने खटकन छत्री उघडली.

मी फलकामागून पुढे सरसावलो. एका छत्रीत! भर दिवसा, लख्ख उन्हात!

पण छत्री डोक्यावर गेलीच नाही. त्याने ती आडवी धरली, रस्त्याच्या बाजूला, हात पूर्ण लांब करून. माणसं फुटपाथवरून चालायला लागली. सायकली खाली, फुटपाथला घासून. आणि टिकटिक सगळ्यांच्या बाहेरच्या अंगाने, सायकली आणि बसगाड्या यांच्या मधल्या हातभर जागेतून, ती भली मोठी काळी छत्री वाहनांपुढे धरून चालला होता. बस यायची, चालकाला मध्येच काहीतरी काळं, मोठं दिसायचं आणि तो गाडी बाजूला घ्यायचा. एका बसने मोठ्याने हॉर्न दिला. टिकटिकने छत्री एवढीशीही मागे घेतली नाही. त्या सगळ्यांना पलीकडे पोहोचवून त्याला एकट्याला पुन्हा इकडे यावं लागणार होतं, कारण पाटीपाशी पुढची रांग लागत होती.

निळी सायकल, टोपली. नि.टो.! मी तिथेच बॅग उघडली. मूळ तक्ते काढले. 'नि.टो.' ८.४२. दुसऱ्या दिवशी 'नि.टो.' ८.४२. रोज. आणि मग पहिल्या आठवड्याचा गुरुवार: 'नि.टो. पडली. बसचा आरसा लागला.' शुक्रवार: 'नि.टो. आली नाही.' सोमवार: 'नि.टो. आली. डावं मनगट बांधलेलं.'

त्या गुरुवारी बायको मला म्हणाली होती की ती बाथरूममध्ये घसरली. मी धावत जाऊन रबरी चटई आणली होती. पुढे आठवडाभर, "आता कशी, घसरायला होत नाही ना?" असं विचारून शाबासकीही घेतली होती.

मी पुलावरून जवळजवळ पळतच निघालो. पलीकडे ती सायकलवर बसायच्या बेतात होती. मला बघून दचकली.

"अहो, तुम्ही इथे? आज बैठक आहे ना?"

"बाथरूममध्ये घसरलीस म्हणालीस."

तिने नकळत डावं मनगट दुसऱ्या हाताने झाकलं. मग म्हणाली, "मग काय सांगणार होते? तुमचा ट्रॅक संपतो तिथेच पडले म्हणून? भिंतीवरच्या त्या नकाशाचं किती कौतुक आहे तुम्हाला. वाईट वाटलं असतं."

"आणि तुझं मनगट?"

"ते बरं झालं ना." तिने पॅडलवर पाय ठेवला. "मी पडले ते भाऊंनी पाहिलं होतं. मोजणी संपल्यापासून ते रोज छत्री घेऊन येतात. बघणारे म्हणतात वेडे आहेत. सरका आता, कटिंगच्या टेबलापाशी बायका खोळंबल्या असतील."

ती गेली. मी परत पूल ओलांडला. टिकटिक दुसरी रांग घेऊन येत होता. मला अंग चोरून वाट द्यावी लागली. छत्रीच्या काड्यांपैकी दोन वाकलेल्या होत्या आणि एका जागी कापड फाटून ते दोऱ्याने शिवलं होतं. टाके माझ्या ओळखीचे होते, आमच्याच घरातले. तिथेसुद्धा मला आधी राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

बैठक साहेबांच्या केबिनमध्येच होती. तिथे स्वच्छ प्रत मी बाहेर काढलीच नाही. मूळ तक्ते, समासातल्या खरडीसकट, टेबलावर ठेवले. बससेवेचे प्रमुख म्हणाले, "छापील आकडा तर पाच सांगतोय. हा जादा रकाना कोणाचा?"

"टिकटिकचा. आमच्या मोजणीदाराचा," मी म्हणालो. "तो बरोबर आहे. त्यात दोनशे सत्त्याऐंशी माणसं आहेत. ती सायकलवरच निघतात. पुलावर त्यांना आपण खाली उतरवतो आणि मग म्हणतो, इथे सायकली नाहीत."

"पण नियम असा आहे की हातात सायकल धरून चालणारा—"

"नियम माझा आहे. बावीस वर्षांपूर्वी मी लिहिला. चुकलाय तो." आता सुरुवात केलीच होती. "आणि या तक्त्यांची एक स्वच्छ प्रत मी केली होती. तिच्यात मी हा रकाना गाळला होता."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. ते म्हणाले, "बसा." मी गोंधळून उभाच राहिलो. "बसा हो. आणि त्यातलं हे नि.टो. म्हणजे काय, ते सांगा."

मी बसलो. गादी कशी होती, ते तेव्हाही लक्षात आलं नाही. नि.टो. म्हणजे काय, ते मात्र सांगितलं.

पुलावरची मोटारींची एक रांग तीन महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून, काढून घेतली. तीन महिने संपले तेव्हा ती परत मागायला फार कोणी आलं नाही. नवा तक्ता मी काढला. त्यात टीप क्रमांक चार नाही, आणि एक रकाना जादा आहे. भिंतीवरच्या नकाशात पुलावरची हिरवी रेघ मी मधोमध दोनदा गिरवली, त्यामुळे ती तिथे जरा जाड झालीय. साहेब पाहुण्यांना आणतात तेव्हा नेमका तिथेच बोट ठेवून टिकटिकची गोष्ट सांगतात. ऐकताना मला अजून बरं वाटत नाही. खोटं कशाला बोलू?

ट्रॅक सुरू झाला त्या पहिल्या सकाळी मी पुलावर गेलो होतो. 'समाप्त'ची पाटी मी आदल्या दिवशीच काढायला लावली होती. टिकटिक स्टूल टाकून बसलेला, दोन्ही मुठींत यंत्रं. छत्री मिटून कठड्याला टेकवलेली. मांडीवर नवा तक्ता. मी शेजारी उभा राहिलो. शिक्षिका गेली, न उतरता. टिक. डब्यांवाला म्हातारा गेला, उतरावं की नाही याचा जरा विचार करून, पण न उतरता. टिक.

आठ बेचाळीसला निळी सायकल आली. सरळ, वेग कमी न करता, पूल चढली. आमच्यासमोरून जाताना तिचा पदर मागे उडत होता आणि ती समोर बघत होती. टिकटिकने डावा अंगठा दाबला. मग हळूच माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, आजपासून वहिनी तुमच्या रकान्यात."

मी तक्त्याकडे पाहिलं. उजवीकडचा त्याचा रकाना कोरा होता.

मला आनंद झाला. इतका, की डोळे पुसायला मला दुसरीकडे तोंड फिरवावं लागलं. आणि तरीही सांगतो, मन साफ व्हायला हवं म्हणून. आमच्यापाशी येताना बायकोने दोनदा घंटी वाजवली होती. रस्ता मोकळा होता, मध्ये कोणी नव्हतं. तिने घंटी वाजवली ती नेमकी त्या फाटक्या छत्रीच्या समोर आल्यावर. एवढं मीही मोजलं.